गोजरबाईंची लाल सवत

मी एक जुनी लाल मोटार आहे, मित्रांनो. साधीसुधी नव्हे हं! शर्यतीच्या मोटारीसारखी बुटकी, लांब नाकाची, डोक्यावर कापडाचा टप असलेली आणि फक्त दोन माणसांची. आज मला बघाल तर हसाल. वसमतहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका शेतात आखाडा आहे. आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. आमच्या हिंगोली भागात शेतातल्या घर-गोठ्याला आखाडा म्हणतात. त्या आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी असते. माझ्या एका अंगाला हळदीच्या बेण्याचा ढीग, दुसऱ्या अंगाला फवारणीचे पंप. कोंबड्या माझ्या नाकावर येऊन बसतात. नुसत्या बसून थांबत नाहीत, पण ते जाऊ द्या.

माझ्या आयुष्यात एकच प्रश्न सारखा आडवा आला. हिला ठेवायची की विकायची? तुम्हाला हा प्रश्न साधा वाटेल. ज्याला विकतात त्याला तो साधा वाटत नाही. म्हणून आज कोंबड्या जरा लांब आहेत तोवर सगळं सांगून टाकते.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथं माणसं मला हातानं जोडत होती. माझं अंग पत्र्याचं नाही, फायबरचं आहे. रंग देणाऱ्या माणसानं शेवटचा हात फिरवला, चार पावलं मागं सरकला आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघतच राहिला. तेव्हा मला जी घमेंड चढली ती अजून पुरती उतरलेली नाही.

माझा पहिला मालक पुण्याचा एक तरुण. रोज मऊ कापडानं पुसायचा आणि मित्रांना सांगायचा, ही माझी जान आहे. त्याचं लग्न ठरलं आणि त्यानं जान विकून टाकली. दुसरे एक डॉक्टर होते. आयुष्यभर ठेवीन म्हणाले, पण माझ्यात बसताना-उठताना त्यांची कंबर धरायला लागली. तिसऱ्यानं मला सांगलीच्या रस्त्यावर एका गॅरेजसमोर उभं केलं, काचेवर 'विकणे आहे' असा कागद चिकटवला आणि तो निघून गेला. त्यानं एकदा तरी मागं वळून बघायचं होतं. नाही बघितलं.

त्या गॅरेजसमोर मी किती दिवस काढले देव जाणे. येणारे-जाणारे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढायचे आणि आपल्या वाटेनं जायचे. माझं कौतुक सगळ्यांना होतं, मित्रांनो, पण मी कुणालाच नको होते.

तेव्हा वसमतकडचे शेतकरी हळद घेऊन सांगलीच्या बाजारात यायचे. एका दुपारी हळदीचा रिकामा ट्रक शेजारच्या टपरीवर थांबला. त्यातून एक उंच, काळासावळा माणूस उतरला. डोक्याला पांढरा रुमाल, हातात चहाचा कप. कप तसाच हातात धरून तो माझ्याभोवती फिरू लागला. बाजारात बैल पारखतात ना, अगदी तसा! आधी समोरून, मग बाजूनं, मग खाली वाकून माझ्या चाकांकडं. शेवटी त्यानं माझ्या मागच्या अंगावर एक थाप मारली.

"वशिंड न्हाई," तो म्हणाला, "पन चाल असनार."

हे तातेराव. त्यांचा चहा तिथंच गार झाला आणि ते मला घेऊन निघाले. ट्रक पुढं गेला आणि आम्ही दोघं मागून आलो. वाटेत ते माझ्याशी बोलत होते. मोटारीशी बोलणारी माणसं मी पाहिली होती. पण बोलून झाल्यावर मध्येच थांबणारा, जणू मी काय म्हणते ते ऐकणारा, हा पहिलाच.

त्यांनी मला पाखऱ्याची गोष्ट सांगितली. आमच्याकडं बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. तातेरावांचा पाखऱ्या नावाचा पांढराशुभ्र बैल त्या पटात वाऱ्यासारखा पळायचा. पुढं शर्यती बंद पडल्या. नुसता खुंट्याला बांधून काय करता, देऊन टाका, असं चार लोक म्हणाले. तातेरावांनी पाखऱ्याला बाजारात नेऊन विकलं. नव्या मालकानं कासरा ओढला तेव्हा पाखऱ्या जागचा हलेना. मान वळवून तातेरावांकडंच बघत होता. मग तातेरावांना घरी चैन पडेना. ते त्याला परत आणायला बाजारामागून बाजार हिंडले, पण पाखऱ्या पुन्हा कधी दिसला नाही.

"तवाच सपथ घेतली," ते मला म्हणाले. "जिवाला लागलेलं इकायचं न्हाई. तुला बी इकनार न्हाई, पाखरे. मी हाय तवर तर न्हाईच न्हाई."

असं माझं नाव पाखरी पडलं. मला ते आवडलं. पण 'मी हाय तवर' हे शब्द मी तेव्हा नीट ऐकले नाहीत. नंतर ते मला फार आठवले.

गावात शिरलो तेव्हा मारुतीच्या पारावर ही गर्दी! तातेरावांचे जिगरी दोस्त सटवाजी सगळ्यांच्या पुढं. "तातेराव, ट्रॅक्टर आनाचं सोडून हे बेडूक काहून धरून आनलं?" मी लालेलाल झाले. म्हणजे होतेच. एकानं माझ्या अंगावर टकटक केलं आणि म्हणाला, "हे तं टोपल्यावानी वाजून राहिलं!" दुसरा म्हणाला, "घरात मानसं किती अन् सीटा दोन. बाकीच्यांनी काय मागून पळत यायचं व्हय?" सगळे पोट धरून हसले. तातेरावही हसले, पण त्यांनी माझ्यावरचा हात काढला नाही.

घरासमोर गोजरबाई उभ्या होत्या. तातेरावांची बायको. ठेंगणी, तोंडानं फटकळ, हातात आरतीचं ताट. नवी गाडी दारात आली की ओवाळायची असते म्हणून त्यांनी ओवाळलं, माझ्या नाकाला कुंकू लावलं आणि वर सुनावलं, "ओवाळते, पन सांगून ठेवते. ही माझी सवत हाय. आजपासून मी हिला सवतच म्हननार."

"अगं, सवत काहून?" तातेराव म्हणाले. "दुसरी सीट तुझ्यासाठीच तं हाय."

"मला न्हाई बसायचं. उघड्या गाडीत नवऱ्याशेजारी बसून मिरवू व्हय? गाव काय म्हनंल?"

तरी एकदा त्या बसल्या. श्रावणातला सोमवार होता. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं होतं आणि भाड्याची जीप निघून गेली होती. तातेरावांनी माझा डावीकडचा दरवाजा उघडून धरला. गोजरबाई कुरकुरत आत उतरल्या, कारण माझ्यात चढत नाहीत, उतरतात. "अगं माय! हे तं जमिनीवर बसल्यावानी झालं," त्या म्हणाल्या. टप उघडा होता. रस्ता मोकळा लागला तसा मी वेग घेतला. वारा त्यांच्या डोक्यावरचा पदर ओढू लागला. त्यांनी तो दातांत घट्ट धरला आणि एका हातानं दरवाजा. मग काय झालं माहीत आहे? त्या हसायला लागल्या. पदर दातांत, त्यामुळं हसू नाकातून बाहेर येत होतं. तातेराव रस्ता सोडून त्यांच्याकडंच बघत होते. मला भीती वाटली, आता नेतात बाभळीत!

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

परत येताना गावाच्या वेशीवर सटवाजी आणि चार टवाळ बसले होते. त्यांनी शिट्टी मारली. "आली बघा हिरो-हिरोइनची जोडी!" चेष्टाच होती, मनात काही वाईट नव्हतं. पण गोजरबाईंचं हसू तिथंच गेलं. खाली मान घालून उतरल्या आणि पुन्हा म्हणून माझ्यात बसल्या नाहीत. तातेरावांनी किती विनवण्या केल्या. "न्हाई म्हनलं न," एवढंच त्यांचं उत्तर.

मग आम्ही दोघंच हिंडलो, तातेराव आणि मी. पहाटे वसमतला, कधी हिंगोलीला. प्रत्येक गतिरोधकावर माझं पोट घासायचं म्हणून ते मला तिरकी तिरकी चढवायचे. मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण. हिंगोलीच्या दसऱ्याच्या मेळ्यात मला मैदानाबाहेर लावलं की माझ्याभोवती इतकी माणसं जमायची की तातेरावांना आत शिरायला वाट मिळत नसे. तेव्हा मी नाक आणखी थोडं वर केलं असेल तर मला माफ करा.

आणि डावी सीट? ती रिकामीच राहायची. सटवाजी कितीदा म्हणाले, "मला तरी बसव लेका एकदा." तातेराव साफ सांगायचे, "ती जागा गोजरची हाय. तू तुझ्या फटफटीवर ये मागून." सटवाजींना वाटायचं मस्करी. मस्करी नव्हती ती. त्या सीटला त्यांनी नवं कापड घातलं होतं आणि वरचं प्लॅस्टिकही तसंच ठेवलं होतं. गोजरबाई बसतील तेव्हा त्याच काढतील म्हणायचे. घरी मात्र यातलं एक अक्षर बोलायचे नाहीत. आमच्याकडचे पुरुष असल्या गोष्टी बायकोला सोडून सगळ्यांना सांगतात.

आता पोळ्याचं सांगते, कारण माझं सगळं बरं-वाईट पोळ्यालाच झालं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांना धुतात, गरम तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं त्यांचे खांदे शेकतात आणि त्यांना जेवायचं आवतन देतात. "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." वर्षभर राबणाऱ्याला हात जोडून दिलेलं ते आमंत्रण. तातेरावांनी पहिल्याच वर्षी बैलांचं झाल्यावर तीच वाटी उचलली, माझ्याकडं आले आणि माझ्या पुढच्या दोन्ही चाकांवरच्या गोलाईला, म्हणजे माझ्या खांद्यांना, हळद-तूप चोळलं. "आज आवतन घ्या, पाखरीबाई." मी शहाणी, कारखान्यातली. मला आधी हसू आलं. मग कसंतरीच झालं. एवढ्या मालकांनी मला पुसलं होतं, चमकवलं होतं. मला जेवायला कुणी बोलावलं नव्हतं.

हळदीचा डाग मात्र गेला नाही. दर साली वर नवा थर. माझ्या लाल खांद्यांवर आजही पिवळट डाग आहेत. पूर्वी मी ते लपवले असते. आता दाखवते.

पण ह्याच प्रेमानं माझा घात केला. आवतन दिलं म्हणजे जेवू घालायला नको? पोळ्याच्या दिवशी बैलांना पुरणपोळी चारली की तातेराव एक पोळी माझ्याकडं आणायचे. मला तोंड कुठलं? ते पोळीचे तुकडे करायचे आणि माझ्या नाकाच्या जाळीतून आत सारायचे. "खा माय, लाजू नको." दोन-चार वर्षं धकलं. एका वर्षी गुळाच्या वासानं शेतातले उंदीर आले. पुरण संपल्यावर त्यांनी माझ्या वायरी कुरतडायला घेतल्या. मी ओरडू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी तातेरावांनी चावी फिरवली, आत कुठंतरी चर्र झालं, जळका वास सुटला आणि मी गप्प झाले.

तांड्यावरचा प्रेमदास मिस्त्री धावत आला. वायरी त्यानं जोडल्या. पण इंजिनाला कधी काय करायचं ते सांगणारा एक काळा डबा माझ्या आत होता, तोच जळाला होता. आणि मला बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. प्रेमदासनं नांदेडला शोधलं, पुण्याला फोन लावले. शेवटी टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "काका, हिचा डबा कुठंच मिळून न्हाई राहिला."

तातेराव खाली बसले. "मीच चारलं रं तिला," ते म्हणाले. "ह्या हातानं चारलं."

मला त्यांच्यावर राग आला नाही. खरंच नाही. माझा राग नंतरच्या दिवसांवर आहे. आधी ते रोज यायचे, माझ्यात बसायचे, चाक नुसतंच इकडून तिकडं फिरवायचे. मग आठवड्यातून एकदा. मग पेरणी, खुरपणी, हळद काढणी. मग माझ्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर रिकामी पोती आली. मला विकायला किती जण म्हणाले, पण तातेराव शब्दाचे पक्के. त्यांनी विकलं नाही. पण शेडचं दार उघडलं की नजर चुकवून पोती उचलून निघून जायचे. त्यांना माझ्याकडं बघवत नव्हतं. मला ते कळत होतं, तरी मी रुसले. न विकणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं, हे मी त्या अंधाऱ्या शेडमध्ये शिकले.

पुढं त्यांच्या अंगावरून वारं गेलं. गावातल्या घरात खाटेला खिळले. आखाडा गावापासून लांब. मी दाराच्या फटीतून येणारा उजेड बघायची आणि प्रत्येक पावलाला वाटायचं, आले! ते पाऊल गड्याचं असायचं. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी बरीच माणसं एकदम आली. माझ्या बाजूला रचलेली बाभळीची लाकडं त्यांनी मुकाट उचलली आणि बैलगाडीत भरली. सटवाजी रडत होते. शेकोटीला एवढी लाकडं कशाला, असं मला आधी वाटलं. मग कळलं.

मित्रांनो, मोटारीला रडता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी माझ्याखाली तळं साचलं असतं.

तातेरावांची 'मी हाय तवर' ही मुदत संपली होती. त्यांचा मुलगा बालाजी बाहेरगावी नोकरीला असतो. पोरगा वाईट नाही. पण हळद शिजवायचा मोठा कुकर त्याला ह्या शेडमध्ये बसवायचा होता आणि मी मध्ये. त्यानं आईला विचारलं, "माय, गाडी देऊन टाकू का?" गोजरबाई शेडच्या दारातच उभ्या होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दे की. मेलेल्या मानसाची सवत पोसू व्हय मी?"

बालाजीनं मोबाईलवर माझे फोटो टाकले आणि पुण्याचा एक गृहस्थ मोटारी वाहून नेणारी मोठी गाडी घेऊन आला. बालाजीला शहरात तिथी-वाराचं भान राहिलं नव्हतं. तो दिवस नेमका खांदेमळणीचा होता.

पुण्याचा माणूस मोठा भला होता. हात लावायच्या आधी त्यानं चप्पल काढली! माझ्याभोवती फिरून म्हणाला, "मी हिचा डबा नव्यानं बनवून घेईन. ही पुन्हा पळेल." पळेल! मित्रांनो, खोटं कशाला बोलू? माझ्या थकलेल्या अंगातून एक शिरशिरी गेली. मला जावंसं वाटलं. आणि त्याच वेळी पाखऱ्या आठवला. मला तर मान वळवून मागंही बघता येणार नव्हतं.

माझ्या चाकांत हवा भरायला प्रेमदासला बोलावलं होतं. गोजरबाई बैलांचे खांदे शेकायला आखाड्यावर आल्याच होत्या. बालाजी म्हणाला, "माय, गाडीत आबांचं काही सामान असंल तं काढून घे." त्या पुटपुटत आल्या आणि त्यांनी डावा दरवाजा उघडला. त्यांची नजर आधी उजव्या सीटवर गेली. तिचं कापड फाटलेलं, मध्ये तातेरावांच्या बसण्याचा खोलगट खड्डा. मग डावीकडं. डावी सीट कोरी करकरीत, प्लॅस्टिकसकट.

"प्रेमदास, ही सीट बदलली काय रे कवा?"

"कापड तेवढं काकांनी नवं घातलं, काकू." प्रेमदास पंप मारता मारता बोलला. "तिच्यावर बसलंच कोन? काका कोनाला बसू देत नव्हते. मला बी न्हाई. इंजिनाचा आवाज ऐकायला मी म्हनलं बसतो बाजूला, तं म्हनले, तू मागून पळत ये. ती जागा तुझ्या काकूची हाय. एकदा बसली तिच्यात, अशी हसली म्हनं. पुन्ना बसंल कवातरी, म्हनायचे."

गोजरबाईंनी उजव्या सीटवरच्या खड्ड्यात हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग डोळ्यांना पदर लावला आणि सरळ गोठ्याकडं गेल्या.

परत आल्या तेव्हा हातात हळद-तुपाची वाटी होती आणि पळसाचं पान. त्यांनी माझ्या एका खांद्याला चोळलं, मग दुसऱ्या. तातेराव चोळायचे तसं नाही. घरातल्या माणसाचं दुखतं अंग चोळावं तसं, दाबून. आणि हात जोडले.

"आज आवतन घ्या. उद्या जेवाया या."

"माय! काय करून राहिलीस?" बालाजी ओरडला. "गाडी आत्ता चढवायची हाय."

"आवतन दिलं. आता काय करतूस?"

पुण्याचा माणूस गोंधळून एकदा वाटीकडं, एकदा बालाजीकडं बघत होता. गोजरबाई त्याच्याकडं वळल्या. "दादा, तुमी चांगले मानूस दिसता. तुमाला तकलीफ झाली, येवढ्या लांबून आले. पन आवतन दिलेलं जनावर जेवल्याबिगर दावनीवरून सोडत न्हाईत आमच्यात."

"काकू, ते मी समजू शकतो," तो नम्रपणे म्हणाला. "मी उद्या वसमतला थांबतो. परवा नेली तर चालेल?"

"परवा मी तिला पुढच्या सालचं आवतन देनार हाय."

प्रेमदासचा पंप थांबला. बालाजी कपाळावर हात मारून म्हणाला, "माय, तूच तं म्हनत होतीस ना, सवत हाय म्हनून?"

"व्हय, सवतच हाय," गोजरबाई म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती. "सवतीला कोनी इकतं का रे?"

पुण्याचा माणूस जाताना माझ्याकडं मागं वळून वळून बघत गेला. मला त्याचं वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी गोजरबाईंनी माझ्यासमोर ताटात पुरणपोळी ठेवली, माझ्यावरून ओवाळली आणि उचलून बैलाला चारली. "उंदरांना आवतन न्हाई," त्या म्हणाल्या. कुकरसाठी बालाजीनं बाहेर वेगळा पत्रा टाकला. मग तो नोकरीवर गेला.

आता इथं आम्ही दोघीच असतो. मी तुम्हाला गोड शेवट सांगत नाही, मित्रांनो. मी पळणार नाही. माझ्या चाकांतली प्रेमदासनं भरलेली हवाही पुन्हा बसली. दिवसभर शेडमध्ये माझ्याशिवाय आणि कोंबड्यांशिवाय कोणी नसतं. पण दिवस कलला, बैलांना वैरण पडली की शेडचं दार करकरतं. गोजरबाई येतात. कोंबड्या हाकलतात. डावा दरवाजा उघडतात. डावीकडच्या सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी स्वतःच्या हातानं फाडून टाकलं आहे. त्या आत उतरून बसतात, समोरच्या पत्र्याकडं बघतात आणि डोक्यावरचा पदर ओढून दातांत घट्ट धरतात. शेडमध्ये वाऱ्याची झुळूकही नसते. उजवी सीट रिकामी असते. मी पळत होते तेव्हा ह्या बसल्या नाहीत, आणि ह्या बसल्या तेव्हा माझ्याकडं पळणं उरलं नाही. आम्हा दोघींनाही ते माहीत आहे, म्हणून आम्ही त्यावर बोलत नाही.

म्हणून तुम्हाला एक हात जोडून सांगणं. तुमच्या घरात आवडीनं आणलेली एखादी वस्तू असेल, सायकल असेल, आजोबांचा रेडिओ असेल, ती विकू नका असं मी म्हणणार नाही. विकायची तर मागं वळून बघा. आणि ठेवायची तर नुसती ठेवू नका. तिच्यावरची पोती उचला, तिला पुसा, तिच्याशी दोन शब्द बोला. आणि तिच्यात कुणी तुमच्यासाठी जागा धरून बसलं असेल, तर गाव काय म्हणेल त्याचा विचार करत बसू नका. ती चालती आहे तोवर जाऊन बसा.

थांबा, दार करकरलं. आलीच बघा. आता कोंबड्यांना शिव्या देईल, मग माझा दरवाजा ओढेल आणि रोज म्हणते तेच म्हणेल:

"सरक गं सवती, बसू दे मला."